जात्याखालची जमीन

काष्टीत त्या काळी शमशेर नावाचे दोघे होते. एक बैलांचा दलाल. बाजारच्या दिवशी उपरण्याखाली बोटं धरून तो सौदे जमवायचा. त्याला नुसतं शमशेर म्हणत. दुसऱ्याला दर्यावाला शमशेर म्हणत, कारण त्याने मुंबईला समुद्रात जमीन केली होती. ही गोष्ट या दुसऱ्याची.

तो ऐन तारुण्यात स्टेशनावरून गाडीत बसून मुंबईला गेला आणि समुद्र हटवायच्या कामावर लागला. आधी पाण्यात दगडांचा लांबच लांब बांध घालायचा आणि मग आत भर टाकत जायचं. त्याच्या टोळीकडे वाळू आणि मुरमाचा भराव होता. टोपल्या ओतायच्या, वरून नळाने पाणी सोडायचं, पाणी खाली निघून जाताना वाळूला आपल्याबरोबर ओढून घट्ट बसवायचं, की त्यावर लोखंडी रूळ फिरवायचा. ते काम आटोपल्यावर तो गोदीत हमाली करू लागला. पण गावी सुट्टीवर आला की हमालीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. चावडीजवळच्या निंबाखाली बसून समुद्राचंच सांगायचा.

त्याच्या हिशेबी जमिनीच्या दोनच जाती होत्या, मूळची आणि केलेली. कुठेही उभा राहिला की उजवी टाच दोनदा जमिनीवर आपटून बघायची त्याला खोड होती. लग्नाच्या मांडवात, मशिदीच्या अंगणात, दुसऱ्याच्या ओसरीवर, सगळीकडे. "मूळची हाय," असं पुटपुटायचा आणि मग बसायचा. लोक हसायचे. त्यालाही त्याचं वाईट वाटत नसे. उंच, वाकल्या खांद्यांचा, दाढीत दोन-चार पांढरे केस आलेला हा माणूस मनाने अगदी सरळ होता; फक्त समुद्राचा विषय निघाला की आवाज थोडा वाढायचा.

बेचाळीस साल लागलं आणि मुंबईवर बाँब पडणार अशी आवई उठली. गाड्या भरभरून माणसं गावाकडे निघाली. शमशेर आणि त्याची बायको जहिरा याच गर्दीत काष्टीला उतरले. मुलगी दौंडला दिलेली होती, तिचं तिच्या घरी बरं चाललं होतं. या दोघांना मात्र गावात घर नव्हतं. जहिराचा थोरला भाऊ गनीभाई पिंजारी होता. त्याने आपली पडवी झाडून दिली. गनीभाई मायाळू माणूस. पण पडवी ती पडवीच. समोरून कापसाची तूस उडायची आणि मागून भावजयीचा आवाज यायचा.

जहिरा मोजकं बोलणारी. तिने पडवीबद्दल कधी तक्रार केली नाही. तिचं मन एकाच गोष्टीत अडकलेलं होतं. लग्नात आईने तिला एक जातं दिलं होतं. मुंबईच्या खोलीत ते न्यायची सोय नव्हती म्हणून भावाकडे ठेवलं होतं. आता ती परत आली तरी जातं तसंच होतं, भिंतीला टेकवून उभं केलेलं, पुढे कापसाची पोती. एका घरात दोन जाती कशाला मांडायची, असं भावजय म्हणाली आणि त्यात तिचं चुकलंही नव्हतं. जहिरा भावजयीच्या जात्यावर, भावजयीचं दळण झाल्यावर दळत असे. पोती हलवली की आपल्या जात्यावरची तूस पदराने पुसत असे. शमशेर हे बघायचा. त्याला जे काही करायचं होतं ते त्या जात्यासाठी करायचं होतं.

गावाच्या कडेला, साळूबाईच्या मळ्याला लागून, पांढरीचं डबरं होतं. गावातल्या सगळ्या भिंती आणि छताची धाबी तिथल्या पांढऱ्या मातीची. पिढ्यान् पिढ्या खणून खणून तिथे दोन पुरुष खोल खड्डा झाला होता. पावसाळ्यात त्यात म्हशी बसत, उन्हाळ्यात काटे पडत. एकदा चावडीवर शमशेरचं समुद्रपुराण रंगात आलं असताना पाटील आप्पासाहेब म्हणाले, "शमशेर, दर्या बुजवलास म्हणतोस. मग आमचं हे डबरं तुला काय जड हाय? भर आन् बांध घर. तुझं झालं म्हन."

सगळे हसले. शमशेर हसला नाही. त्याने पंचांना साक्षी ठेवून तो शब्द पक्का करून घेतला आणि दुसऱ्या दिवशी घमेलं घेऊन डबऱ्यात उतरला.

भर जवळची मिळाली. ओढ्यात गाळ होता, बांधाबांधाने काळी माती पडली होती. गनीभाईने गाडी दिली, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सवडीने हात लावले. सगळा हिवाळा तो भर टाकत होता. डबरं काठापर्यंत आलं तेव्हा त्याने साळूबाईकडे पाणी मागितलं.

साळूबाई विधवा, पण मळा एकटीने राखणारी. तिची विहीर बारमाही होती आणि तिच्या खळ्याची गावात ख्याती होती. सुगीच्या आधी खळं करावं तर साळूबाईने. जमीन भिजवून, भुसकट पसरून, बैल फिरवून ती असं खळं धरायची की बाजरीचा दाणा पडला तर टण्‌कन वाजावा. तिने पाणी द्यायला ना केली नाही. मोटेचं पाणी पाटाने भरावावर सुटलं, तशी शमशेरने सगळी जागा तुडुंब भरून टाकली. साळूबाई बांधावर उभी राहून बघत होती.

"शमशेरभाऊ, एवढं पानी? आन् आता काय करनार?"

"आता उद्या धुमस घालायचा. मुंबईला असंच असतं, आक्का. पानीच माती बसवतं."

"वापसा तर येऊ दे."

शमशेरला हसू आलं. वापसा म्हणजे पाऊस पडून गेल्यावर जमीन पेरणीजोगी होते तो. पाय रुतत नाही आणि ढेकळंही निघत नाहीत, अशी मधली वेळ. शेतकऱ्याच्या तोंडी तो शब्द ऊठसूट असायचा. शमशेर शेतकरी नव्हता.

"वापसा कशाला, आक्का? मला काय पेरायचंय?"

साळूबाई मोटेकडे गेली.

काळ्या मातीने पाणी पिऊन घेतलं, पण खाली सोडलं नाही. वरचा थर उन्हाने वाळला, टणक झाला, त्याला भेगा पडल्या. शमशेरने भेगा बुजवल्या आणि धुमस घातला. लाकडी ठोकळ्याला दांडा बसवलेला तो धुमस दोन्ही हातांनी उचलायचा आणि आपटायचा. दणदण आवाज यायचा. खांदे भरून यायचे. त्याने टाच आपटून बघितली, खणखणीत लागली. आत काय आहे ते टाचेला कळलं नाही.

उन्हाळ्यात दगड-मातीच्या भिंती उभ्या राहिल्या, वर धाबं पडलं. मृगाच्या आधी जहिराचं जातं गाडीतून नव्या घरी आलं. तिने कोपऱ्यात जमीन सारवून ते मांडलं, खुंटा ठोकला आणि मूठभर जोंधळे घालून फिरवलं. भावजयही बघायला आली होती. ती म्हणाली, "तुझं जातं लई हलकं फिरतं गं." जहिराच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे आलं ते शमशेरने मुंबईत इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं.

पावसाळा अर्धा झाला असेल. एका सकाळी दळता दळता जहिरा थांबली. जात्याभोवती पिठाचं कडं पडतं, ते एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ पडत होतं. तिने शमशेरला हाक मारली आणि दगडाची चीप मागितली. चीप जात्याखाली सरकवली, पीठ सारखं पडू लागलं. चार दिवसांनी आणखी एक चीप लागली. मग तिसरी. शमशेर चिपा आणून देत होता आणि दोघंही त्यावर बोलत नव्हते. पुढे ओढ्याकडच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत भेग पडली आणि बोट घातलं तर आत जाऊ लागलं, तेव्हा बोलण्यासारखं काही उरलं नाही.

भिंत पडायची वाट त्याने बघितली नाही. पाऊस उघडल्यावर स्वतःच धाबं उतरवलं, भिंती उतरवल्या, दगड एका बाजूला रचले. जातं पुन्हा गनीभाईच्या पडवीत गेलं, पोत्यांच्या मागे. गनीभाई एवढंच म्हणाला, "असू द्या दाजी, घर तुमचंच हाय." गावात मात्र लोक विचारू लागले, दर्याला भरती आली होती का. शमशेर चावडीकडे जाईनासा झाला.

जहिराने एकच गोष्ट सांगितली, तीही पडवीत अंथरूण घालता घालता. "आता जातं हललं तर एकदाच हलंल. न्हाईतर हितंच ऱ्हाऊ दे. माझ्या आईचं हाय ते, तमाशाचं न्हवं."

शमशेरने डबरं परत उकरायला घेतलं. वरचा टणक पापुद्रा निघाल्यावर खाली जे लागलं ते बघून तो फावडं टेकून उभा राहिला. गेल्या उन्हाळ्यात सोडलेलं पाणी तिथेच होतं. माती लोण्यासारखी मऊ, काळी, फावड्याला चिकटणारी. साळूबाई बांधावरून आली, तिने वाकून बघितलं.

"पानी पेरलं हुतंस, भाऊ. पानीच उगवलं," ती म्हणाली.

टोमणा होता, पण ती तिथून हलली नाही. शमशेरही चिडला नाही. तिथेच खाली बसला आणि त्याने विचारलं, "आक्का, वापसा वळखायचा कसा?"

तिने बांधाखालची मूठभर माती घेतली आणि त्याच्या हातात दिली. "दाब मुठीत. आता सोड. ढेकूळ झालं ना? टाक खाली. पडल्यावर फुटलं पायजे. न्हाई फुटलं तर पानी लई झालं, ढेकूळच न्हाई झालं तर कमी झालं. हाताला चिकटली तर दोन दिस थांब. खळ्याला बी आमी हेच बघतो."

"म्हंजे थांबायचंच काम हाय."

"कामाचा निम्मा भाग थांबायचाच असतो," साळूबाई म्हणाली, "बाकीचा बैल करत्यात."

त्या वर्षी तो आधी जमिनीकडून शिकला आणि मग त्याने काम केलं. काळी माती सगळी साळूबाईच्या मळ्यात गेली, तिला ती हवीच होती. डबऱ्यात तिच्या जागी माळावरून मुरूम आला, आणि पडक्या भिंतींची जुनी पांढरी माती आली. एका वेळी वीतभर थर टाकायचा, त्याहून जाड नाही. पाणी शिंपडायचं, सोडायचं नाही. मग मुठीत घेऊन बघत बसायचं. कधी सकाळी टाकलेला थर दुपारी जमून यायचा, कधी आभाळ आलं की दोन दिवस तसाच राहायचा. जवळून जाणारे विचारायचे, काय शमशेर, बसून काय करतोस? तो सांगायचा, वापसा बघतोय. मग विचारणारा हमखास म्हणायचा, पेरणी कधी?

थर तुडवायला बैल पुरेनात. ते कडेकडेने फिरत आणि मधली जागा मोकळी राहत असे. तेव्हा छगन धनगराचा कळप गावाजवळ उतरला होता. मेंढरं शेतात बसवायला शेतकरी धनगरांना बोलावतच असत, लेंड्यांचं खत पडतं म्हणून. शमशेर छगनकडे गेला आणि म्हणाला, मेंढरं पाहिजेत, पण खत नको, पाय पाहिजेत. छगनला हे दोनदा सांगावं लागलं. "आजवर मेंढराचं दूध मागितलं, लोकर मागितली, लेंड्या मागितल्या. नुसते पाय मागनारा तूच पयला," असं म्हणत तो कळप घेऊन आला. मेंढरांच्या लहान टोकदार खुरांनी थर असा दाबला गेला, जसा बैलांना कधी जमला नव्हता. खूर आत जाऊन खालची माती दाबायचे, वरची आपोआप जुळायची. रोज सकाळी साळूबाई खराटा घेऊन येई आणि सगळ्या लेंड्या झाडून नेई. लेंडी आत राहिली तर ती कुजणार आणि तिथे जागा पोकळ होणार, हे तिने सांगितलं. आणि त्या तिच्या शेतालाही हव्या होत्या, हे तिने सांगितलं नाही. मेंढरांनंतर धुमस. कडेला, जिथे धुमस पोचत नसे, तिथे जहिरा लाकडी चोपणं घेऊन बसायची, अंगण चोपावं तसं एकेक हात चोपत जायची.

फाल्गुनात डबरं काठाला लागलं. टाच आपटली तर आता आवाज वेगळा आला, बसका आणि भरीव. गनीभाईच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. नवी सून येणार, पडवी लागणार. गनीभाई स्वतः काही बोलला नाही. त्याची बायको बोलली, आणि तिचं बरोबर होतं. गवंडी सांगून ठेवला होता. दोन महिन्यांत भिंती उभ्या करता आल्या असत्या.

पण शमशेरला एक जुनी गोष्ट आठवत राहिली. संध्याकाळी भरावावर बसून त्याने ती जहिराला सांगितली. मुंबईला भराव पुरा झाला, रूळ फिरला, की लगेच तिथं काही बांधत नसत. त्यावर दगडांचे ढीग रचायचे आणि सोडून द्यायचे. पावसाळे जायचे. हमाल लोकांना वाटायचं, साहेब विसरले. ज्याचा त्याला पत्ता नाही, म्हणून हसायचे. "आता कळतंय," तो म्हणाला. "घराचं वजन आधी दगडाकडून घ्यायचं. काय खाली जायचं ते दगडाखाली जाऊ दे. एक पावसाळा."

 पडवी आता राहणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मग पुढं त्या जमिनीवर कोन ऱ्हायला आलं का?" तिने विचारलं.

"मी काम सोडलं तवा दगडच हुते. पुढं म्हनत्यात मोठाल्या इमारती झाल्या. म्या न्हाई बघितल्या."

"तुमी न्हाई बघितल्या," जहिरा म्हणाली. "आपन बघू. दगड रचा."

"आन् ऱ्हायचं कुठं?"

"साळूआक्काची खोप हाय मळ्यात. म्या इचारलंय तिला."

तिने विचारलं होतं, त्याने तोंड उघडायच्या आधीच. शमशेरने पुढे अनेक वर्षं ही गोष्ट सांगितली, आणि दर वेळी इथे आला की थोडा थांबायचा.

गेल्या वर्षीच्या भिंतींचे दगड भरावावर चढले. माणसाच्या छातीइतका ढीग, चारी बाजूंनी नीट रचलेला. गावाने त्याला शमशेरची शेती म्हटलं. काय पीक हाय यंदा, असं आप्पासाहेबांनीही एकदा घोड्यावरून जाता जाता विचारलं. शमशेरने नम्रपणे सांगितलं, "दगड, आप्पासाहेब. पानी बरं झालं तर दोन-चार बोटं खाली येतील."

खोप कडब्याची होती. एका बाजूने पाऊस आत यायचा, एका बाजूने साळूबाईची शेळी. जहिराने तिथे वर्ष काढलं. जातं मात्र तिने तिकडे आणू दिलं नाही; ते गनीभाईकडेच राहिलं, आणि ती साळूबाईच्या जात्यावर साळूबाईबरोबर समोरासमोर बसून दळू लागली. एक खुंटा, दोघींचे हात. साळूबाई ओव्या म्हणायची, जहिराला त्यातल्या निम्म्या पाठ झाल्या. रोज सकाळी दळण झालं की ती उठून भरावाच्या कडेला जाई. शमशेरने काठावर समोरासमोर दोन खुंट रोवून त्यांना दोरी ताणून बांधली होती, दगडांच्या वरच्या कडेच्या बरोबरीने. श्रावणात ढीग दोरीखाली गेला. एका कोपऱ्यात थोडा जास्त. भाद्रपदात आणखी किंचित. दिवाळीनंतर मात्र दोरी आणि दगड जिथे होते तिथेच राहिले. जहिरा पौषापर्यंत बघत राहिली. मग एके दिवशी ती येऊन शमशेरला म्हणाली, "आता काढा दगड. बसली ती."

ज्या कोपऱ्यात जास्त खाली गेलं होतं तिथे त्याने पुन्हा थर दिला, वापसा बघितला, धुमस घातला. मग त्याच दगडांच्या भिंती उठल्या. लढाई संपली त्या साली, मृगाच्या थोडं आधी, गनीभाईने कापसाची पोती बाजूला केली आणि जातं गाडीत चढवलं. त्याची बायको खुंटा हातात घेऊन गाडीमागे चालत आली. साळूबाईने घरातली जमीन स्वतः करून दिली होती, खळ्यासारखी. शमशेरने टाच आपटली नाही. म्हणाला, आक्कानं केलीय, तिच्यावर काय टाच मारायची.

जहिराने जातं मांडलं, जोंधळे घातले, फिरवलं. पीठ चारी अंगांनी सारखं पडलं. पण तेवढं गेल्या खेपेलाही पडलं होतं, म्हणून कुणी काही बोललं नाही.

शमशेरने भिंती बांधून उरलेल्या दगडांतून एक पातळ, सपाट चीप निवडून जात्यामागच्या कोनाड्यात ठेवली होती. त्याने ते जहिराला सांगितलं नव्हतं, आणि तिने विचारलं नव्हतं. पावसाळा लागला. आषाढ गेला. रोज सकाळी जात्याची घरघर सुरू झाली की तो अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायचा, मधेच थांबते का ते. दळण संपेपर्यंत उठायचा नाही.

श्रावणात एका सकाळी बाहेरून आला तर कोनाडा रिकामा. तो दारातच उभा राहिला. मग आत येऊन वाकून जात्याच्या कडेला बघितलं. सारवण होतं तसं होतं. पिठाचं कडं गोल होतं, हाताने काढल्यासारखं.

जहिरा चुलीपाशी बसली होती. तिच्यासमोर ती चीप होती, आणि चिपेवर लसूण, मीठ, दोन हिरव्या मिरच्या.

"ही कशाला घेतलीस?" त्याने विचारलं.

"मग काय करू? किती दिस नुसती बसवून ठेवायची तिला," ती म्हणाली, आणि लसूण ठेचू लागली.